एका फोनचा एकच अर्ज

त्या दिवशी पाणी अर्जांची यादी संध्याकाळी पाचला बंद होणार होती, आणि सकाळी दहा वाजता टेलच्या गावातून माझ्या स्क्रीनवर एकच अर्ज आलेला दिसत होता.

टेल म्हणजे चारीचं शेवटचं टोक. कालव्यातून वितरिका निघते, वितरिकेतून चारी, आणि चारीच्या शेवटाला जे गाव असतं तिथपर्यंत पाणी पोचेल की नाही हे फाटक किती दिवस उघडं राहतं यावर ठरतं. फाटकाचे दिवस ठरतात मागणीच्या क्षेत्रावरून. पाणी वापर संस्थेनं सगळ्यांचे अर्ज गोळा करायचे, क्षेत्राची बेरीज करायची आणि सही करून यादी पाटबंधारे शाखेत द्यायची. बेरीज कमी भरली की फाटक लवकर पडतं. तोवर वरच्यांचं भिजून झालेलं असतं. टेलला ओली चारी तेवढी बघायला मिळते.

ते गाव ताडकळसच्या पुढं आहे, माझं सासर. आम्ही परभणीत राहतो. धाकटे दीर शेती बघतात आणि संस्थेचे सचिवही तेच आहेत. हरभरा घाट्यात होता, गहू पोटरीत. हे एक पाणी मिळालं तर दोन्ही पिकं निघणार होती, नाहीतर घाटे पोचट राहणार होते. दिरांनी हे मला प्रत्येक फोनला ऐकवलं होतं.

अर्ज भरायचं वेबपान मी लिहिलं होतं. त्याआधी अर्ज कागदावर असायचे. वरच्या गावांतले लोक यादी आपल्या हातानं लिहायचे आणि टेलचे दहा-बारा कागद दरवेळी कुठंतरी राहून जायचे. ते थांबावं म्हणून दिरांनी सभेत उभं राहून सांगितलं होतं की आता वहिनीचं पान आहे, आता कुणाचा अर्ज गहाळ होणार नाही.

मी बरीच वर्षं गणिताच्या शिकवण्या घेतल्या. मुलगी बाहेरगावी शिकायला गेली तेव्हा तिचा जुना संगणक घरी राहिला, आणि त्यावर मी जावास्क्रिप्ट शिकले. चाळिशी उलटल्यावर. ही भाषा मला आवडली आणि तिचा रागही आला. आवडली ती हिशेबासाठी. यादी घ्या, नको ते गाळा, उरलेल्याची बेरीज करा, आणि हे सगळं एका ओळीत, वाचता येईल असं. राग आला तो तिच्या मुकाटपणाचा. दोन आणि दोन हे आकडे म्हणून न येता अक्षरं म्हणून आले तर ती त्यांची बेरीज बावीस करते आणि हूं की चूं करत नाही. म्हणून मी कोड चालण्याआधीच असली गफलत पकडणारं साधन जोडलं, लहान लहान चाचण्या लिहिल्या, आणि प्रत्येक बेरीज दोन वेगळ्या वाटांनी काढून जुळवायची सवय ठेवली.

गावात इंटरनेटची रेंज नाही. ती फक्त रस्त्यावर, बसथांब्यापाशी मिळते. त्यामुळे पान रेंजशिवाय उघडावं अशी सोय केली होती. सर्व्हिस वर्कर नावाचा एक छोटा प्रोग्राम ब्राउझरमध्ये बसून राहतो आणि पानाची प्रत फोनातच सांभाळतो. भरलेला अर्जही आधी फोनातल्या साठवणीत जातो, हिरवी खूण दिसते, आणि रेंज आली की तो आपोआप माझ्याकडे येतो.

आता एक नियम सांगायला हवा. सुरुवातीच्या चाचणीत वरच्या गावातल्या एका काकांनी बटण पाच वेळा दाबलं होतं आणि त्यांचं क्षेत्र पाचपट झालं होतं. एकच गोष्ट दोनदा मोजली जाणं मला सहन होत नाही. म्हणून मी नियम केला: एका फोनचा एकच अर्ज. दुसरा भरला तर तो पहिल्याच्या जागी बसेल. कुणाला दुरुस्ती करायची असेल तर तीही सोपी. हे मी आमच्या घरातल्या तिन्ही फोनांवर तपासलं. माझा, नवऱ्याचा, आणि सुट्टीत आलेल्या मुलीचा. तीन फोन, तीन अर्ज, बेरीज बरोबर.

तर सकाळी दहाला मी दिरांना फोन लावला.

"भावजी, टेलचे अर्ज राहिलेत का अजून?"

"राहतील कामून? काल दिवसभर पारावर बसून ताईनं समद्यांचे भरलेत. एकेचाळीस खातेदार. मी सोता हजर व्हतो."

"इकडं एकच दिसतोय."

"मग यायलेत असतील मागून. तुमीच म्हनला व्हता न्हवं, रेंज आली की आपोआप येतेत म्हनून?"

म्हटलं होतं खरं. म्हणून मी वाट बघत बसले. मध्ये उठून कुकर लावला, परत येऊन बसले. नवरा पेपर घेऊन समोर होता, त्याला सुट्टी होती.

"काय बघतेस मघापासून?"

"अर्ज यायचेत."

"नाही आले तर?"

मी त्या आलेल्या एका अर्जाचा तपशील उघडला. प्रत्येक फोन अर्ज पाठवताना आपल्यापाशी अजून किती शिल्लक आहेत तेही कळवतो, हे मीच लिहून ठेवलं होतं. अर्ज आदल्या संध्याकाळचा होता. शिल्लकेच्या जागी शून्य होतं.

म्हणजे फोन रेंजमध्ये येऊन गेला होता. त्याच्यापाशी होतं ते त्यानं देऊन टाकलं होतं. मागून काहीच यायचं नव्हतं.

मी ताईंना फोन लावला. ताई म्हणजे गावातल्या बचत गटाच्या प्रमुख, माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान. पलीकडून बाजाराचा गलका ऐकू येत होता. ताडकळसचा आठवडी बाजार होता त्या दिवशी.

"ताई, काल सगळे अर्ज तुमच्या एकाच फोनवरून भरले का?"

"मंग? कुनाचा फोन फुटलेला, कुनाचा साधा, कुनाला वाचाया येत न्हाई. पीक विमा म्हना, रेशनचं म्हना, आमच्यात समदं एकाच फोनवर व्हतं. कामून, काय झालं?"

"प्रत्येकाला हिरवी खूण आली होती?"

"आली की. मी फोन फिरवून दावली एकेकाला. म्हनलं बगा, झालं तुमचं, आता घरी जा."

मला सरळ सांगणं भाग होतं. "ताई, दुसरा भरला की पहिला पुसला जायचा. एक्केचाळिसातला शेवटचा तेवढा उरलाय."

ताई गलक्यातून बाजूला आल्या.

"शेवटचा माझाच व्हता," ताई म्हणाल्या. "म्हनलं आदी लोकांचं करावं, आपलं मागून. वहिनी, आता लोक काय म्हनतील? ताईनं आपलाच तेवढा घातला आन् बाकीच्यांला खुना दावल्या?"

मी म्हणाले, "चूक पानाची आहे. मी सांगते लोकांना." म्हणाले खरी, पण कसं आणि कुठं, हे तेव्हा ठरलेलं नव्हतं.

दुरुस्ती एका ओळीची होती. साठवणीत अर्ज ज्या खुणेनं ठेवला जातो ती खूण फोनाची होती. ती खातेदाराच्या क्रमांकाची आणि गट नंबरची करायची. माणूस वेगळा किंवा जमीन वेगळी, तर अर्ज वेगळा. मग बटण पाच वेळा दाबलं तरी अर्ज एकच, आणि फोन एक असला तरी माणसं एक्केचाळीस. सहा महिने समोर असलेली ओळ होती ती. मी ती बदलली आणि वरच्या कोपऱ्यात एक आकडा दाखवायची सोय केली: या फोनवर आज भरलेले अर्ज.

नवऱ्याचा फोन घेतला, रेंज बंद केली, तिघांच्या नावानं तीन अर्ज भरले. कोपऱ्यात तीन. रेंज चालू केली, माझ्याकडे तीन आले. खोटे अर्ज पुसले. पुन्हा केलं, पुन्हा तीन.

"एवढीच होय दुरुस्ती?" नवरा म्हणाला. "मग चढव की. बारा वाजायला आले."

चढवलं. ताईंना पान बंद करून पुन्हा उघडायला सांगितलं. बाजारात रेंज होतीच.

"उगडलं."

"वरच्या कोपऱ्यात आकडा दिसतोय?"

"आकडाबिकडा काय न्हाई. माझंच नाव दिसायलंय कालचं."

पुन्हा बंद, पुन्हा उघड. तेच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ज्या सर्व्हिस वर्करमुळे पान रेंजशिवाय उघडतं, तोच आता जुनी प्रत धरून बसलाय. नवा प्रोग्राम फोनात उतरतो, पण जुनं पान कुठंही उघडं असेल तोवर तो मागं थांबून राहतो. हा त्याचा दोष नाही, शिस्तच तशी आहे, अर्धवट भरलेला अर्ज मध्येच मोडू नये म्हणून. मी ते वाचलं होतं आणि चांगलंही म्हटलं होतं. आता फोनवरून, गलक्यात, ताईंना कुठं काय बंद करायचं ते सांगणं जमेना. दोनदा फोन तुटला.

"अहो, गाडी काढा," मी नवऱ्याला म्हणाले.

"कुठं?"

"ताडकळसला. टेलच्या घरटी एक तरी माणूस बाजारात असणार. गावात गेलो तर कुणी सापडायचं नाही."

लॅपटॉप पिशवीत घालून मी मांडीवर धरला. रस्ताभर मी मनातल्या मनात हिशेब करत होते. एका अर्जाला तीन मिनिटं धरली तर चाळीस अर्जांना दोन तास. वर छापणं, सही, आणि शाखेपर्यंतचा रस्ता. वेळ पुरत होता, पण मध्ये काहीही अडलं तर पुरत नव्हता.

दीर चहाच्या हॉटेलापाशी उभे होते. माझ्याकडे न बघता ते नवऱ्याशी बोलले. "दादा, सभेत मी बोललेलो हाय. तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाई." मग माझ्याकडे वळले. "वहिनी, सांगा, काय करू?"

"लोक गोळा करा."

शेजारी फवारणीचे पंप विकणारा एकजण भोंग्यावर भाव ओरडत होता. दिरांनी त्याच्याकडून भोंगा मागून घेतला आणि टेलच्या गावकऱ्यांनी, बाया असोत की बाप्ये, हॉटेलापाशी यावं, पाण्याचं काम आहे, असं दोनदा सांगितलं. पाण्याचं म्हटल्यावर लोक आले. डोक्यावर भाजीची गाठोडी घेऊन बायका आल्या, एकजण अर्धी दाढी झालेला तसाच आला.

बोलायचं मीच होतं. हॉटेलच्या बाकड्यापाशी उभं राहून मी सांगितलं की काल भरलेले अर्ज पोचले नाहीत. ताईंची काही चूक नाही. त्यांनी सगळं नीट भरलं. पानात दोष होता, एकाचा अर्ज दुसऱ्याच्या अर्जावर बसत गेला. आता पुन्हा भरायचेत आणि पाचच्या आत यादी द्यायचीय.

मागून एक म्हातारा म्हणाला, "मग ती हिरवी खून कशाची व्हती?"

मी म्हणाले, "ती खोटी होती, बाबा. भरला जाईपर्यंत खरी होती, पुढचा भरला की खोटी."

"कागद बरा व्हता मग," अर्ध्या दाढीवाला म्हणाला. "कागद हारपायचा, पर दुसऱ्याचा कागद खात नव्हता."

लोक हसले. दिरांचा चेहरा लाल झाला. पण हसण्यानं एक झालं, लोक थांबले. निघून कुणी गेलं नाही.

एक बाई मात्र ताईंना म्हणाली, "तुजा तेवढा बरा पोचला गं."

ताईंनी तिच्याकडं बघितलं सुद्धा नाही. फोन माझ्या हातात दिला. "घ्या, वहिनी. माझाबी पुसा आन् पयल्यापासून करा."

"तुमचा पुसायची गरज नाही."

"पुसा म्हनते न्हवं. समद्यांसंगं जाऊ द्या."

मी त्यांचा अर्ज पुसला. हे लॅपटॉपवर, लोकांसमोर केलं, आणि संख्या शून्य झालेली सगळ्यांनी बघितली.

मग फोन. त्यांचा ब्राउझर उघडला तर आमचं पान एकामागं एक अनेकदा उघडून ठेवलेलं. ग्रुपवर लिंक आली की त्या दाबायच्या, आणि दरवेळी नवं पान उघडायचं, जुनं मागं तसंच राहायचं. मी एकेक बंद करत गेले. शेवटचं बंद केलं, क्षणभर थांबले, आणि पान नव्यानं उघडलं.

जुनंच आलं.

चूक कोडमध्ये नव्हती एवढं माहीत होतं, पण कुठं होती ते कळेना. दीर मागून म्हणाले, "काय झालं?" मी म्हणाले, "थांबा." पुन्हा एकेक बघितलं. होम स्क्रीनवर त्यांनी पानाचं चिन्ह ठेवलं होतं, आणि तिथून उघडलेलं एक पान ब्राउझरच्या बाहेर, वेगळंच चालू होतं. ते बंद केलं. पुन्हा उघडलं.

कोपऱ्यात आकडा आला. शून्य.

"या, पहिलं कोण?" ताई म्हणाल्या.

अर्ध्या दाढीवाल्याचा पहिला झाला. कोपऱ्यात एक. दुसरा मघाच्या म्हाताऱ्याचा. ताईंनी बटण दाबलं आणि सगळ्यांनी माना पुढं घातल्या. आकडा एकच राहिला असता तर सगळं तिथंच अडलं असतं.

दोन झाला.

"दोन!" कुणीतरी मागच्यांना ओरडून सांगितलं. तेवढ्यात माझ्या लॅपटॉपवरही दुसरी ओळ उमटली. मी दोन्हींचं क्षेत्र हातानं मिळवून बघितलं. बेरीज जुळली.

त्यानंतर काम भराभर चाललं. खातेदार स्वतः नसेल तर बायको, मुलगा, सून, जे हजर असेल त्यानं आकडा सांगितला. एक-दोघांनी घरी फोन करून विचारलं. ताई भरत होत्या, मी बघत होते, नवरा गर्दी मागं सरकवत होता. हॉटेलवाल्यानं लॅपटॉपला वीज दिली आणि "आता वायर उचकटू नका रे" असं दर पाच मिनिटाला ओरडत राहिला. ताईंचा स्वतःचा पुन्हा शेवटीच झाला. चारला जरा अवकाश होता तेव्हा चाळीस झाले.

एक्केचाळिसावा एका मेंढपाळाचा होता. टेलच्या शेवटाला त्याचा थोडका हरभरा आहे. तो मेंढरं घेऊन गंगाखेडच्या अंगाला, राणीसावरगावकडं गेलेला. बायको-पोरं बरोबर. फोन लागत नव्हता.

"तीस गुंठे, हरभरा," ताई म्हणाल्या आणि टाकायला लागल्या.

"थांबा," मी म्हणाले. "त्यांना विचारल्याशिवाय कसं टाकायचं?"

"मला सांगून गेलाय तो. काल बी मीच टाकला व्हता."

"काल मी इथं नव्हते. त्यांच्या घरातलं कुणी नाही, तुम्ही नात्यातल्या नाही. उद्या ते म्हणाले की मी वीसच सांगितले होते, तर?"

"बायकूचं चालतं, सुनंचं चालतं, आन् माझं चालत न्हाई?" ताईंचा आवाज चढला. "वहिनी, त्यो वर्सातलं सहा म्हैने बाहीर असतो. त्याचं समदं मीच बगते. आमच्यात जातावख्ती सांगून जातेत. ह्योच त्याचा अर्ज."

दीर घड्याळ बघत होते. "वहिनी, तीस गुंठ्यानं आभाळ फाटत न्हाई. टाका आन् छापू द्या."

मला त्यांचं पटत होतं. आणि पटत असूनही हात होईना. दुसऱ्याच्या जमिनीचा आकडा तिसऱ्याच्या तोंडून घ्यायचा आणि तो त्याच्या स्वतःच्या आकड्यासारखा छापायचा, हे मला जमत नाही. कुणी सांगितलं ते लिहायला पानात जागा नव्हती. नवा रकाना घालायचा तर चाचणीशिवाय घालावा लागला असता, चाळीस अर्ज आत असताना. तसलं धाडस मी केलं नाही.

शेवटी म्हणाले, "टाका. पण छापल्यावर त्या ओळीसमोर शेरा लिहायचा, की आकडा अर्जदारानं किंवा त्याच्या घरच्यांनी दिलेला नाही."

"शेरा बघून शाखेतले साहेब अख्खी यादी धरून ठिवतील," दीर म्हणाले.

"नाही धरणार. चाळिसांसमोर शेरा नाही, म्हणजे ते तपासलेले आहेत."

"आन् त्याचंच नाव मारलं तर?"

ताईंनी अर्ज भरला. कोपऱ्यात एक्केचाळीस झाला. बाजारातल्या संगणकाच्या दुकानात यादी छापली, शेरा मी माझ्या हातानं लिहिला, दिरांनी सही केली आणि नवऱ्याला मागं बसवून शाखेकडं मोटारसायकल हाणली. मी आणि ताई बाकड्यावर बसून राहिलो. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. बाजार उठायला लागला होता.

पाचला थोडा वेळ असताना फोन आला, नवऱ्याचा. "घेतली यादी. पोच मिळाली."

"आणि शेरा?"

"ती ओळ साहेबांनी लाल शाईनं मारली. म्हणाले, तुम्हालाच खात्री नाही तर मी कशी सही करू."

ताईंनी ऐकलं. फोन पिशवीत घातला, पिशवी उचलली आणि गावाच्या जीपकडं चालू लागल्या.

घरी आल्यावर मी दुसरं काही केलं नाही. पानात एक रकाना वाढवला, आकडा सांगणाऱ्याचं नाव आणि नातं. नात्यांच्या यादीत नवरा-बायको, मुलगा, सून यांच्या खाली "सांगून गेलेले" असंही एक घातलं. चाचण्या लिहिल्या. मेंढपाळाच्या फोनला दिवसातून कितीतरी वेळा लावत राहिले. दोन-तीन दिवसांनी त्याचाच आला.

"वहिनी, मी मेंढरावाला बोलायलोय, टेलचा. माझं नाव मारलं म्हने."

"हो. माझ्या शेऱ्यामुळं."

"मी ताईला सांगून आलतो की. तीस गुंठे, हरभरा."

"त्यांनी तोच आकडा सांगितला."

"मग अडलं कुटं?"

"तुमच्या तोंडून ऐकला नव्हता."

"आता ऐकला न्हवं? मग घाला."

शाखेत विचारलं. आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुरू व्हायच्या आधी पुरवणी अर्ज चालेल म्हणाले, पण आता शेरा पडलाय, माणूस समोर सहीला हवा. मला तेच त्याला सांगावं लागलं. मेंढरं बायकोच्या हवाली करून तो सकाळच्या बसनं आला. मी शाखेच्या ओसरीवर थांबले होते. खांद्यावर घोंगडी, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या वहाणा. सही केली, पोच घेतली, घडी घालून खिशात ठेवली. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम.

"एवढ्यासाठी आनलं व्हय मला," तो म्हणाला. रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. "तिकडं दोन मेंढ्या व्यायला झाल्यात."

मी त्याला फोनवर नवा रकाना दाखवला. इथं सांगणाऱ्याचं नाव येतं, पुढच्या वेळी यावं लागणार नाही, असं सांगितलं. त्यानं फोन हातात घेतला नाही.

"ताईचं घाला तिथं."

"आता तुम्ही स्वतः आलात, या अर्जाला नको."

"घाला वो. कायमचं घालून ठिवा. मी काय परत परत येनार न्हाई."

मी घातलं.

फाटक पूर्ण मुदत उघडं राहिलं आणि पाणी टेलपर्यंत गेलं. त्याच्या तीस गुंठ्यांना पाणी मिळालं तेव्हा दारं धरायला, वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला, ताईंचा नवरा उभा होता. मेंढपाळ तेव्हाही राणीसावरगावकडंच होता. पाणी भरून झाल्याचं मला दिरांनी कळवलं. ताई माझ्याशी पुन्हा पहिल्यासारख्या बोलायला लागल्या त्या पुढच्या आवर्तनाच्या अर्जांच्या वेळी. फोन करून त्यांनी एवढंच विचारलं, "सांगून गेलेले आता अकरा हायत. सगळ्यांला माझंच नाव टाकलं तर तुमचं मशीन काय म्हनंल?"

मी म्हणाले, "काही म्हणणार नाही. टाका."